गरम असेल तर काच किंवा स्टील

(दृश्य: प्रयोगशाळेतले पारदर्शक पिंजरे, कडेचा एक धुरकट पडलेला)

१९९८ साल. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या माद्यांवर अभ्यास चालू होता. एकाएकी निकाल बिघडले. ज्या माद्यांना कसलंही औषध दिलं नव्हतं, त्यांच्याही बीजांडांतली गुणसूत्रं विस्कटलेली दिसू लागली. शोध घेता घेता धागा लागला तो पिंजरे धुण्याशी. कुणीतरी फरशी धुण्याचं तीव्र द्रावण पिंजऱ्यांना वापरलं होतं. पिंजरे होते पॉलिकार्बोनेट या कडक, पारदर्शक प्लॅस्टिकचे. ते त्याने खराब झालं आणि त्यातून बिस्फेनॉल-ए, म्हणजेच बीपीए, पाझरू लागलं.

बीपीए इस्ट्रोजेन या संप्रेरकासारखं वागतं. ही गोष्ट ब्रिटिश जैवरसायनशास्त्रज्ञ चार्ल्स डॉड्स यांनी १९३६ मध्येच दाखवली होती. तरी पुढे याच रसायनापासून बाळांच्या दुधाच्या बाटल्या बनत राहिल्या! युरोपीय संघाने अशा बाटल्यांवर बंदी आणली ती २०११ मध्ये.

उंदराला झालं ते माणसाला होईलच असं नाही, हे कबूल. पण रोज किती बीपीए पोटात गेलं तर चालेल, याची मर्यादा युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने २०२३ मध्ये एकदम २०,००० पटींनी खाली आणली.

(दृश्य: ओरखडे पडलेला डबा, आतून पिवळट, तेलकट)

हा डबा जवळून पाहा. बोट फिरवलं की खरखर लागते. असा डबा अन्नासाठी बाद. उष्णता, तेल आणि झीज एकत्र आली की प्लॅस्टिकमधली रसायनं अन्नात उतरायला वाव मिळतो. म्हणून गरम किंवा तेलकट पदार्थ काचेच्या नाहीतर स्टीलच्या भांड्यात ठेवा. डब्यावर ‘मायक्रोवेव्ह सेफ’ लिहिलंय? त्यातून काहीच झिरपणार नाही, अशी हमी ते देत नाही. आणि ‘बीपीए-फ्री’ वाचून निर्धास्त होऊ नका. बीपीएच्या जागी अनेकदा येतं ते बीपीएस, त्याचंच भावंड, गुणही बरेचसे तेच.

मऊ पीव्हीसी या प्लॅस्टिकची गोष्ट निराळी. त्याला लवचीक करणारी थॅलेट्स नावाची रसायनं प्लॅस्टिकला घट्ट जोडलेली नसतात, नुसती मिसळलेली असतात. हळूहळू ती सुटतात आणि घरातल्या धुळीत जमतात. रांगणारं मूल त्याच जमिनीवर हात टेकतं आणि तोच हात तोंडात घालतं. तिथे कोरड्या झाडूपेक्षा ओलं फडकं बरं, आणि जेवणाआधी हात धुणं.

दुकानातली गुळगुळीत पावतीही यातलीच. त्या कागदाच्या लेपात पुष्कळदा बीपीए किंवा बीपीएस असतं. नको असेल तर घेऊच नका.

दिलासा एवढाच, की बीपीए शरीरात साठून बसत नाही. बहुतेक सगळं दिवसभरात लघवीवाटे निघून जातं. रोज नव्याने आत जातं, खरी अडचण ती. त्यामुळे घरातलं सगळं प्लॅस्टिक आजच बाहेर काढायची गरज नाही. सुरुवात चुलीजवळच्या डब्यांपासून करा. बाद झालेल्या डब्यांत खिळे, बटणं, सुईदोरा खुशाल ठेवा.