जुन्या बीटलचे टॅपेट तपासताना

(नाशिक येथे जुन्या मोटारींच्या हौशी मालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)

मंडळी, टॅपेट, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह (झडपा) ढकलून उघडणारे भाग, वाजू लागले की मालक अस्वस्थ होऊन गाडी गॅरेजात नेतो. तेच वाजणे हळूहळू आपोआप बंद झाले, तर गाडी सुधारली असे समजून निर्धास्त राहतो. फोक्सवॅगन बीटलच्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनात हा हिशेब उलटा मांडावा लागतो.

व्हॉल्व्हची दांडी आणि तिला ढकलणारा ॲडजस्टिंग स्क्रू यांच्यातला गॅप, म्हणजे फट, वाढला तर टकटक ऐकू येते, व्हॉल्व्ह थोडा कमी उघडतो आणि गाडीची ओढ घटते. गॅप संपला तर व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे आपल्या बैठकीवर, पुरता बसतच नाही. जळलेले वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटला टेकलेला असतानाच हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या झाकणात, सोडतो. ते टेकणे अपुरे राहिले की जळते वायू फटीतून निसटतात आणि व्हॉल्व्हची कड जळते. मग आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन चालू असताना, मिसिंग येते (एखादा सिलिंडर पेटायचा चुकतो), कसारा घाटात गाडी दम टाकते आणि आळ मात्र बिचाऱ्या कार्बोरेटरवर येतो.

तपासणी इंजिन पूर्ण थंड असतानाच करावी, कारण पुस्तकातला आकडा थंड इंजिनाचा असतो. आपल्याकडची पहाट त्यासाठी उत्तम. नंतरच्या बहुतेक इंजिनांना दोन्ही व्हॉल्व्हसाठी ०.१५ मिलिमीटर गॅप असतो, काही जुन्या इंजिनांना ०.१० सांगितलेला आहे. पुलीवरची खूण क्रँककेसच्या सांध्याशी आणि ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा रोटर त्याच्या काठावरील खाचेशी जुळला की पहिला सिलिंडर मोजायला तयार. फायरिंगचा (सिलिंडर पेटण्याचा) क्रम १-४-३-२ असल्याने पुली दर वेळी अर्धा फेरा उलटी फिरवली की दुसरा, तिसरा, चौथा असे सरळ क्रमाने येतात.

मात्र स्क्रू जखडणाऱ्या लॉकनटला पाना लावण्याआधी प्रत्येक गॅप मोजून वहीत लिहावा. निदान त्या आकड्यांत असते. एकदा स्क्रू फिरवला की पुरावा गेला. तिसऱ्या सिलिंडरकडे विशेष लक्ष द्यावे, कारण १९७१ च्या मॉडेलपूर्वीच्या इंजिनांत पंख्याच्या आवरणातला ऑइल कूलर त्याच्या वाटेची हवा अडवतो आणि तो अधिक तापतो. तिथला एक्झॉस्ट प्रत्येक वेळी घट्टच (गॅप कमी झालेला) सापडत असेल, तर व्हॉल्व्हची दांडी ताणली जात आहे किंवा सीट खचत आहे. अशा व्हॉल्व्हला पुन्हापुन्हा गॅप देत राहणे मला धोक्याचे वाटते. ताणलेल्या व्हॉल्व्हचे डोके तुटून सिलिंडरमध्ये पडले, तर पिस्टन आणि हेड दोन्ही जातात.

याउलट, गॅप अचूक लावूनही आवाज जात नसेल, तर ॲडजस्टिंग स्क्रूचे टोक बोटाने चाचपून पाहावे. व्हॉल्व्हच्या दांडीने तिथे बारीक खळगा पडलेला असतो. गॅप मोजायच्या फीलर गेजची सपाट पत्ती त्याच्या कडांवर टेकते आणि खळग्याची खोली मोजण्यातून सुटते. पत्ती ०.१५ दाखवते, प्रत्यक्ष गॅप त्याहून जास्त असतो. असा स्क्रू बदलावा. लॉकनट आवळताना स्क्रूही किंचित फिरतो, तेव्हा पत्ती पुन्हा घालून पाहणे आलेच.

तरीही संशय राहिला तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजावे. कमी दाब दाखवणाऱ्या सिलिंडरमध्ये तेल घालून पुन्हा मोजण्याची रीत आडव्या सिलिंडरांत तितकी भरवशाची नाही, कारण तेल खालच्या बाजूलाच साचते. त्यापेक्षा दोन्ही व्हॉल्व्ह बंद ठेवून प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडावी आणि कान द्यावा: सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतो, कार्बोरेटरमधून आली तर इनटेक (मिश्रण आत घेणारा), तेल भरायच्या तोंडातून जोरात आली तर पिस्टनच्या रिंगा. गॅप बरोबर असूनही सायलेन्सर फुसफुसत असेल, तर स्क्रूशी खेळणे थांबवून इंजिन खाली उतरवावे आणि हेड उघडावे.