हेन्रीच्या मेंदूचे २,४०१ काप

[दृश्य: गोठवलेला मेंदू. त्यावरून सावकाश सरकणारं पातं.]

डिसेंबर २००९. कॅलिफोर्नियातलं सॅन दिएगो. जिलेटिनमध्ये गोठवलेल्या मेंदूवरून पातं सरकतं. वरचा पापुद्रा गुंडाळला जातो, साधारण केसाच्या जाडीचा. मेंदूशास्त्रज्ञ जाकोपो अन्नेसे तो चित्रकाराच्या कुंचल्याने अलगद उचलतात आणि द्रावणात सोडतात. पुन्हा पातं, पुन्हा कुंचला. असं ५३ तास. इंटरनेटवर लोक हे थेट बघत होते.

हा मेंदू हेन्री मोलेसनचा. हयातीत जगाला त्याची दोन आद्याक्षरंच ठाऊक होती, एच. एम. पूर्ण नाव कळलं ते २ डिसेंबर २००८ ला, ८२ व्या वर्षी तो गेल्यावर.

[दृश्य: कनेटिकट, जुनी कृष्णधवल छायाचित्रं.]

हेन्री लहान होता तेव्हापासून त्याला बारीक झटके यायचे. पंधराव्या वाढदिवशी, आई-वडिलांबरोबर गाडीतून जाताना, पहिली मोठी फिट आली. पुढे औषधांचे डोस वाढत गेले, फिट्स थांबेनात, काम करणं अशक्य झालं.

१९५३. हेन्री सत्तावीस वर्षांचा. हार्टफर्डमध्ये डॉक्टर विल्यम स्कोव्हिल यांनी त्याच्या डोळ्यांच्या वर कपाळाला दोन भोकं पाडली. भूल फक्त तेवढ्या जागेपुरती, हेन्री जागाच होता. मेंदूचा पुढचा भाग पट्टीने जरासा उचलून त्यांनी आतला भाग नळीने शोषून काढला. हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी घडवणारा भाग, आणि त्याच्या आसपासचं बरंच काही. दोन्ही बाजूंचं. फिट नेमकी कुठून उठते, याचा पत्ता तोवर लागलेला नव्हता.

फिट्स खूपच कमी झाल्या. पण इस्पितळातले लोक त्याला ओळखू येईनात. बाथरूम कुठे, हे रोज नव्याने सांगावं लागे.

[दृश्य: कागदावर छापलेली दुहेरी रेषांची चांदणी, समोर आरसा.]

१९५५ मध्ये माँट्रियलहून मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर त्याला तपासायला आल्या. त्यांनी समोर एक चांदणी ठेवली. दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची, पण हाताकडे न बघता, आरशात बघून. एकदा करून पाहा. कोपऱ्यावर पोचलात की पेन्सिल हट्टाने भलतीकडेच जाते. हेन्रीचीही गेली. तीन दिवस हाच सराव चालला आणि तिसऱ्या दिवशी रेघ जवळजवळ बिनचूक आली. हे आपण आधी कधी केलंय, हे मात्र त्याला ठाऊकच नव्हतं. वाटलं होतं त्यापेक्षा सोपं निघालं की, असं म्हणून तो स्वतःच चकित झाला.

आठवण एकाच कोठारात साठते, हा समज त्या चांदणीने मोडला. हाताचं शिकणं वेगळं, घडलेलं सांगता येणं वेगळं.

शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांनी कुटुंब दुसऱ्या घरात राहायला गेलं. शेजारी कोण, काल काय जेवलो, हे हेन्रीला सांगता येत नसे. पण त्या घराचा नकाशा त्याने पुढे बरोबर काढून दाखवला. रोज त्याच दारांतून ये-जा करता करता, मेंदूच्या उरल्यासुरल्या भागांनी ते घर हळूहळू पाठ केलं असणार.

एकदा संशोधकांनी त्याला जेवण झाल्यावर लगेचच दुसरं ताट वाढलं. तो तेही शांतपणे जेवायला लागला. याला विसराळूपणा म्हणून सोडून देता येत नाही. हिप्पोकॅम्पसला लागून असलेल्या त्याच्या अमिग्डालाचाही बराचसा भाग निघालेला होता, आणि भूक लागलीय की पोट भरलंय, ही खूणच त्याच्यापर्यंत नीट पोचत नव्हती.

[दृश्य: एमआरआय. निवेदकाचा आवाज इथे जरा सैल.]

हेन्रीची गोष्ट सांगताना सगळा दोष स्कोव्हिल यांच्या माथी मारला जातो. स्कॅन तेवढ्यावर थांबत नाही. मेंदूच्या मागच्या अंगाला, तोल सांभाळणारा लहान मेंदू स्पष्ट आक्रसलेला दिसतो. तिथे सुरी पोचलीच नव्हती. ते काम वर्षानुवर्षं घेतलेल्या फेनिटॉइनचं, म्हणजे फिटच्याच गोळीचं. शेवटच्या वर्षांत बारीक रक्तवाहिन्यांच्या आजारानेही खुणा सोडल्या. सुरी, गोळी आणि वय, तिघांनी मिळून पंचावन्न वर्षांत हा मेंदू घडवला. यातलं कोणाचं किती, हे वेगळं काढणं हीच तर या संशोधनातली खरी डोकेदुखी.

स्कोव्हिल यांचा अंदाज होता, आपण आठ सेंटिमीटर आत गेलो. नव्वदच्या दशकातल्या एमआरआयने सांगितलं, पाचाच्या थोडं वर. २०१४ मध्ये कापांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि हिप्पोकॅम्पसचा मागचा बराच भाग जागेवर असल्याचं पक्कं झालं. मग तो कामाला का आला नाही? घाटातला रस्ता वाहून गेला की पलीकडचं गाव उभं असतं, पण एसटी पोचत नाही, तसंच काहीसं. हिप्पोकॅम्पसकडे माहिती नेणारा एन्टोरायनल भाग जवळजवळ पुरा गेला होता. आणखी एक गोष्ट सापडली. डाव्या डोळ्याच्या वर असलेल्या मेंदूच्या भागात एक छोटी जखम, बहुधा त्याच शस्त्रक्रियेतली. साठ वर्षं कोणाच्या लक्षातच आली नव्हती.

[दृश्य: आजचं ऑपरेशन थिएटर.]

१९५७ मध्ये स्कोव्हिल आणि मिलनर यांनी मिळून लेख लिहिला, आणि दोन्ही बाजूंना हात घालू नका, हे शल्यविशारदांना बजावून सांगितलं गेलं. शस्त्रक्रिया बंद पडली नाही, सावध झाली. आता फिटचं मूळ शोधून शक्यतो एकाच बाजूचा भाग काढतात, आणि दुसरी बाजू स्मरणाचा भार पेलेल का, हे आधी तपासतात. कॅनडातल्या २००१ च्या चाचणीत ८० रुग्ण होते. वर्षाअखेर भान हरपवणाऱ्या फिट्समधून सुटलेले शस्त्रक्रियेच्या गटात ५८ टक्के, नुसत्या औषधांच्या गटात ८. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत हे काम १९९५ पासून चालू आहे. तरी डावीकडचा भाग काढल्यावर काहींना शब्द आणि नावं आठवायला पुढेही त्रास होतो.

[दृश्य: नर्सिंग होमचा लांब कॉरिडॉर. वॉकरचा आवाज.]

म्हातारपणी हेन्रीला वॉकर मिळाला. उठताना कुठे धरायचं, किती पुढे टेकवायचा, हे त्याचे हात शिकले. ते कधी शिकलो, हे काही त्याला सांगता येईना. वॉकर कशाला लागतो, असं विचारलं की म्हणायचा, पडू नये म्हणून.