पोदेर आला की तारीख बदलते

पहाटेचे साडेपाच. म्हापशातला एक वाडा, बाहेर पोदेराचा (आमच्या गोव्याच्या पाववाल्याचा) भोंपू वाजतोय, सायकलच्या टोपलीत गरम पाव, आणि नेमक्या ह्याच मिनिटाला यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालणाऱ्या सगळ्या सर्व्हरांची तारीख बदलते. आपण त्यांच्या साडेपाच तास पुढे ना, म्हणजे रात्री बारापासून पोदेर येईपर्यंत आपला आज सुरू झालेला असला तरी त्यांच्याकडे अजून आपला कालच असतो.

मी वेबसाइट बनवतो. कळंगुटच्या एका गेस्ट हाऊसचं बुकिंग मीच केलेलं. डिसेंबरात तिथल्या मावशींचा फोन, "अरे बाबा, बेळगावची माणसं बॅगा घेऊन दारात उभी आहेत, म्हणतात आमचं २० चं बुकिंग, तुझा कॉम्प्युटर दाखवतो १९. काल रात्रभर रूम रिकामी ठेवली, आज ती दुसऱ्याला दिली, आता मी काय करू?" आणि लंडनवाल्यांची बुकिंगं मात्र सगळी बरोबर! दोन दिवस डोकं खाजवत बसलो.

घोळ असा होता. कॅलेंडरवर २० वर टिचकी मारली की ब्राउझर धरतो २० तारीख सुरू होतानाचे रात्रीचे बारा, बेळगावचे. मी ते टूआयएसओस्ट्रिंगने (तारीख-वेळ यूटीसीतल्या अक्षरांत लिहून देणारी जावास्क्रिप्टची आज्ञा) यूटीसीत नेलं, तर झाले १९ तारखेचे संध्याकाळचे साडेसहा, त्यातली पहिली दहा अक्षरं, म्हणजे नुसती तारीख, कापून डेटाबेसात टाकली, गेला एक दिवस. लंडनचं घड्याळ हिवाळ्यात यूटीसीबरोबरच चालतं म्हणून ते वाचले. एप्रिलची तारीख निवडली असती तर तेही फसले असते, मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथे घड्याळ तासभर पुढे करतात.

ब्राउझरात चालणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेचा डेट, म्हणजे तारीख-वेळ सांभाळणारा तिचा भाग, १९९५ साली घाईघाईत जावा ह्या दुसऱ्या भाषेवरून उचललेला. महिने शून्यापासून, म्हणून डिसेंबरसाठी १२ लिहिलं की थेट पुढच्या वर्षाचा जानेवारी (हा मारही मी खाल्लाय). आतून तो फक्त १ जानेवारी १९७० पासूनचे मिलिसेकंद मोजतो, म्हणजे एक क्षण. मोपाला विमान उतरतं तो क्षण, तो यूटीसीत ठेवा आणि दाखवताना एशिया/कोलकाता (भारतीय वेळेचं कॉम्प्युटरातलं नाव) लावा, झालं. पण चेक-इनची तारीख हा क्षण नाहीच. गोवा मुक्तिदिन १९ डिसेंबरला, तो कुठल्या टाइमझोनमधला असं कोण विचारतं?

आता मी तारीख नुसती वर्ष-महिना-दिवस अशी अक्षरं म्हणूनच साठवतो, जावास्क्रिप्टच्या डेटची जागा घ्यायला आलेल्या नव्या टेम्पोरलमध्ये तर त्यासाठी प्लेनडेट, म्हणजे वेळेशिवायची नुसती तारीख, आहेच. मावशींना हे सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहिलं, "पुणे, ४ माणसं, २ दिवस."