उजनीसाठी कॅटामरान: आधी रस्ता, मग पाणी

मंडळी, उजनी धरणावर चालवायला शिडाची कॅटामरान, म्हणजे दोन हल (पाण्यावर तरंगणारी होडीची अंगं) जोडलेली होडी, घरी कशी बांधायची ते सांगतो. होडीचं बोलायचं तर पाण्यापासून सुरुवात करायला हवी, पण मी रस्त्यापासून करतो. आपल्याकडे सोलापुरात बंदर नाही. तुमची बोट घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहणार आणि रविवारी गाडीमागे ट्रेलरवर उजनीसाठी टेंभुर्णीकडे, नव्वदेक किलोमीटर, जाणार. मोटार वाहन नियमांप्रमाणे रस्त्यावरची रुंदी २.६ मीटरच्या आत हवी, आणि ट्रेलरचीही आरटीओत नोंदणी लागते. ज्यानं हे आधी पाहिलं नाही, त्याची बोट शेडमध्येच धूळ खाते.

गोची अशी की मल्टिहलचं, म्हणजे एकाहून जास्त हलच्या बोटीचं, सगळं बळ रुंदीतच असतं. एका हलच्या मोठ्या शिडाच्या बोटीला तळाशी शिसं नाहीतर लोखंड असतं, म्हणून ती कलली तरी पुन्हा उभी राहते. कॅटामरानला असलं ओझं नसतं. तिचे दोन हल एकमेकांपासून लांब असतात, त्या अंतरावरच ती तोल धरते. म्हणजे पाणी म्हणतं पसर, रस्ता म्हणतो आवर.

या भांडणावर तीन तोडगे सांगतो. पहिला, बोटच लहान करा. कॅलिफोर्नियाच्या होबी आल्टर यांची ‘होबी १६’ जेमतेम पाच मीटर लांब, २.४१ मीटर रुंद आणि साधारण १४५ किलोची. न सोडवता ट्रेलरवर बसते. दुसरा, घडी घाला. न्यूझीलंडच्या इयान फॅरियर यांनी ट्रायमरानच्या, म्हणजे तीन हलच्या बोटीच्या, बाजूच्या हलना अशा बिजागऱ्या दिल्या की ते पाण्यातच मधल्या हलला येऊन चिकटतात. फार देखणं काम आहे. पण त्या बिजागऱ्यांवर सगळ्या बोटीचा ताण येतो, तिथलं वेल्डिंग आणि मापं चुकून चालत नाहीत. पहिलीच बोट बांधणाऱ्यानं त्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरा तोडगा बोटींचे आराखडे करणाऱ्या जेम्स व्हॅरम यांचा. हल वेगळे, आडवे दांडे वेगळे, आणि सगळं दोरानं आवळून बांधायचं. बोल्ट नाही. लाटेत दोर किंचित सैल देतो, त्यामुळे एकाच जागी ताण साठत नाही. त्यांच्या ‘टिकी २१’ या जेमतेम ६.४ मीटरच्या बोटीतून रोरी मॅकडूगल १९९० च्या दशकात पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. घरी प्लायवूडमध्ये बांधता येईल अशीच ती आखलेली आहे. मात्र काठावर दांडे लावा, दोर आवळा, डोलकाठी उभी करा, आणि संध्याकाळी हेच उलट. निवृत्त माणसाला परवडेल. ज्याला फक्त रविवार मोकळा आहे, त्यानं विचार करावा.

म्हणून आपल्यासाठी मी म्हणतो: १४ ते १६ फूट, रुंदी २.४ मीटरच्या आत, केबिन नाही. केबिन सगळ्यांनाच हवी असते, घरच्यांना तर आधी. पण हे हल मुद्दाम निमुळते ठेवलेले असतात, म्हणूनच ते लाट न उचलता पाणी कापत पळतात. त्यांच्यावर पन्नास किलो जादा टाकले की ते दबतात आणि सगळी मजा संपते. मुक्काम करायचा तर तंबू न्या.

उजनीचं पाणीही ओळखा. उन्हाळ्यात धरण ‘मायनस’मध्ये गेलं, म्हणजे पाणी वापरायच्या पातळीखाली उतरलं, की काठ कुठच्या कुठे जातो आणि मध्ये काळ्या मातीचा चिखल उरतो. त्यात ट्रेलरचं चाक रुतलं की ट्रॅक्टर बोलवा. पाण्याखाली जुन्या गावांच्या भिंती, झाडांची खोडं, वर मासेमारीची जाळी. त्यामुळे बोट वाऱ्यानं बाजूला सरकू नये म्हणून पाण्यात सोडायची फळी आणि सुकाणू, दोन्ही धक्का बसताच वर उचलली जाणारी हवीत. कॅटामरान वीतभर पाण्यातही तरंगते, तो इथं मोठाच फायदा.

आता बांधणी. प्लाय आयएस ७१० या भारतीय मानकाचाच घ्या, तो मरीन, म्हणजे पाण्यात टिकणारा. आयएस ३०३ दुकानदार ‘वॉटरप्रूफ’ म्हणून गळ्यात मारेल, घेऊ नका. मानकात ७२ तास उकळण्याची चाचणी आहे. तुम्ही निदान एक पट्टी दिवसभर घरच्या जुन्या पातेल्यात उकळा, मग उन्हात वाळवा, परत उकळा. कडेला नख घालून बघा. थर सुटला तर सगळा माल परत. आणि वजन करा: आपल्या प्लायचा ६ मिलिमीटरचा, आठ बाय चार फुटांचा पत्रा बारा किलोच्या आसपास भरतो, ओकूमे या हलक्या परदेशी लाकडाच्या प्लायचा आठ-नऊ. दहा-बारा पत्र्यांत हा फरक एका पोराच्या वजनाएवढा होतो.

पत्रे कापायचे, कडांना भोकं पाडून तांब्याच्या तारेनं शिवायचे, आतून इपॉक्सीचा (दोन द्रव कालवले की घट्ट होणाऱ्या रेझिनचा) गोलसर लेप आणि त्यावर फायबरग्लासची पट्टी. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त पडतं, पण लाकडाला धरून राहत नाही. इपॉक्सीचं आणि सोलापूरच्या मे महिन्याचं मात्र जमत नाही. तापमान दहा अंशांनी चढलं की ते घट्ट होण्याआधी हातात असलेला वेळ साधारण निम्मा होतो. चाळीस-बेचाळीसच्या उन्हात डबाभर कालवलं तर डबाच धूर सोडतो. थोडंथोडं कालवा, पसरट ताटात ओता. पावसाळ्यात दमट हवेनं वर तेलकट थर येतो, तो पाण्यानं धुतल्याशिवाय पुढचा हात धरत नाही. आपला खरा हंगाम दिवाळीनंतरचा: कोरडी हवा, सोसवेल असं ऊन.

शिडासाठी चादर चालेल का, असं मला हटकून विचारतात. सोलापूरकरांनी विचारायलाच हवं. नाही चालत, सुती कापड ताणलं जातं, शिडाचा आकार जातो. पॉलिएस्टरचं शिडाचंच कापड घ्या. शिवणारे हात मात्र इथंच आहेत, गणवेश शिवणाऱ्यांना झिगझॅग टाका शिकवावा लागत नाही.

वाऱ्याबद्दल एकच. २१ मे २०२४ ला उजनीतच कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जणांचा जीव गेला. वळवाचा वारा निरोप पाठवून येत नाही. पश्चिमेला आभाळ काळवंडलं की शीड खाली. आणि कॅटामरान उलटली की उलटीच स्थिर होते, एकट्याच्या वजनानं सहसा सरळ होत नाही. लाइफ जॅकेट अंगात हवं, बोटीत ठेवलेलं नव्हे. त्याहून कमी बोललं जातं ते काठावरच्या तारांबद्दल. उसाच्या मोटारींसाठी वीज पार पाण्यापर्यंत नेलेली असते आणि तुमची डोलकाठी अॅल्युमिनियमची. ती उभी करण्याआधी वर बघा.

आता कुणी विचारेल, सुरुवात कशानं करू? सुकाणूच्या पात्यानं करा. प्लाय चिकटवणं, रंध्यानं आकार देणं, कापड चढवणं, सगळं त्यात येतं, आणि बिघडलं तर पाव पत्रा जातो. उकळलेल्या पट्ट्या इथं टेबलावर ठेवल्यात, डावीकडची आयएस ७१० ची. ज्यांना नख घालून बघायचंय त्यांनी पुढं या, मग प्रश्न घेऊ.