खिडकी उघडायची की लावायची?

मंडळी, चंद्रपूरकरांना उन्हाळा समजावून सांगायचा म्हणजे पंढरपुरात विठोबाची ओळख करून देण्यासारखं आहे. मेमध्ये पारा ४५च्या पुढे जातो, रोहिणी लागली की नवतपा, म्हणजे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस, येतो, हे इथं कोणाला शिकवावं लागत नाही. आज बोलायचंय ते त्या उन्हात मिसळलेल्या हवेबद्दल. २,९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र, कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने हे वर्षभर असतातच. उन्हाळ्यात त्यात भर पडते ती शेतात पेटवलेल्या पऱ्हाट्यांची (कापसाच्या वाळलेल्या झाडांची), तेंदू-मोहाच्या दिवसांत जंगलात लागणाऱ्या आगींची आणि धुमसणाऱ्या कचरा डेपोची.

ही दोन संकटं एकत्र आली की नुसती बेरीज होत नाही. कॅलिफोर्नियात २०१४ ते २०२० या काळातल्या मृत्यूंचा अभ्यास झाला. फक्त कडक उष्णता असलेल्या दिवशी मृत्यूचा धोका सुमारे ६ टक्क्यांनी वाढलेला दिसला, फक्त सूक्ष्म धूलिकण वाढलेल्या दिवशी ५ टक्क्यांनी, आणि दोन्ही एकत्र आले त्या दिवशी २१ टक्क्यांनी. कारण अवघड नाही. अंग थंड ठेवायला हृदय जास्तीचं रक्त कातडीकडे ढकलतं, घामामुळे रक्तातलं पाणी कमी होतं, श्वास वाढतो. त्या वाढलेल्या श्वासाबरोबर पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, फुफ्फुसात खोल जातात आणि रक्तवाहिन्यांना सूज आणतात. एकाच बैलावर दोन गाड्यांचं ओझं.

आता खरी पंचाईत. उष्णतेवरचा उपाय म्हणतो खिडकी उघडा, वारा येऊ द्या. धुरावरचा उपाय म्हणतो खिडकी लावा. ऐकायचं कोणाचं? दिवसाचे तास मांडून पाहिले तर भांडण वाटतं तेवढं मोठं नाही. सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत दोघांचंही म्हणणं एकच आहे: खिडक्या लावा, पडदे ओढा, बाहेर पडू नका. दुपारी बाहेरची हवा घरातल्या हवेपेक्षा तापलेली असते. शिवाय उन्हात वाहनांच्या आणि चिमण्यांच्या धुरातून ओझोन तयार होतो, तोही दुपारीच चढतो. ओझोन वायू आहे, त्याला साधा मास्क अडवत नाही, भिंत बऱ्यापैकी अडवते. म्हणजे भांडण उरतं तीन जागी: रात्र, पहाट आणि कूलर.

रात्री स्लॅब दिवसभराची उष्णता सोडत राहतो. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाल्यावरच, साधारण अकरानंतर, समोरासमोरच्या खिडक्या उघडा आणि सकाळी सातच्या आत लावा. पण रात्री वारा पडतो, हवा जमिनीलगत साचते, आणि जवळ डेपो धुमसत असेल तर तो धूर तुमच्याच खोलीत येतो. अशा वेळी मोबाइलवरचा हवा निर्देशांक फसवू शकतो. आपल्याकडचा निर्देशांक धूलिकणांसाठी २४ तासांची सरासरी घेतो आणि ज्या प्रदूषकाचा आकडा सर्वांत वाईट तोच दाखवतो. दोन तास दाट धूर आला तरी आकडा ‘मध्यम’, म्हणजे १०१ ते २०० मध्येच राहू शकतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ ॲप जरूर बघा, पण डोळे चुरचुरत असतील तर नाकावर विश्वास ठेवा. पहाटेच्या फिरण्याचंही तेच. उन्हाच्या दृष्टीनं पाच ते सात ही उत्तम वेळ. धुरकट थर दिसत असेल तर त्या दिवशी चालणं घरात. जॉगिंग तर नकोच.

कूलर हा विदर्भाचा प्राण आहे, आणि त्याचं गणित समजून घेण्यासारखं आहे. थर्मामीटरच्या गोळीला ओलं फडकं गुंडाळून वारा दिला की जो आकडा येतो त्याला वेट बल्ब तापमान म्हणतात. ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर तो आकडा सुमारे २४ येतो. चांगल्या ताट्यांचा, म्हणजे पाण्यानं भिजणाऱ्या बाजूच्या जाळ्यांचा, कूलर या एकवीस अंशांच्या फरकातला ८० टक्के भाग कापतो. म्हणजे हवा २८च्या आसपास बाहेर पडते. मुंबईत ३६ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेला वेट बल्ब २९ असतो, कापायला फक्त सात अंश उरतात, आणि मिळते ती दमट हवा. म्हणून तिकडे कूलर चालत नाही. आणि म्हणूनच ‘पारा चाळिशीच्या आत आहे, काही होत नाही’ हे कोकणपट्टीत खोटं ठरतं. १६ एप्रिल २०२३ला नवी मुंबईत खारघरच्या उघड्या मैदानात तासन्‌तास बसलेल्यांपैकी १४ जण उष्माघातानं गेले.

कूलर बाहेरची हवा ओढतो. खोलीतच ठेवून दार लावलं तर तीच हवा फिरते, आर्द्रता चढते आणि तासाभरात अंग चिकचिक होतं. तो खिडकीबाहेर असायला हवा आणि समोरची खिडकी निदान वीतभर उघडी हवी. ताट्या जाड धूळ धरतात, पीएम २.५ धरत नाहीत. मग धुराच्या दिवशी काय? कूलर बंद करून म्हाताऱ्या माणसाला तापलेल्या खोलीत ठेवू नका. उष्णता काही तासांत जीव घेते, धूर बहुतेकांच्या बाबतीत हळू काम करतो. म्हणून गारवा आधी. अपवाद दम्याच्या किंवा सीओपीडीच्या (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या फुफ्फुसविकाराच्या) रुग्णाचा, ज्याला धुरानं त्याच क्षणी धाप लागते. त्याला एसी असलेल्या घरी हलवणं उत्तम. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, बाहेरचा धूर ओढत नाही. एसी नसेल तर खिडक्या लावून पंखा आणि अंगावर ओलं फडकं. फडकं विसरू नका: खोली चाळीसच्या वर गेली की कोरड्या अंगावर पंखा म्हणजे भट्टीचा भाता. एअर प्युरिफायर घ्यायचा तर १० बाय १२ फुटांच्या, दहा फूट उंच खोलीत ३४ घनमीटर हवा असते. ती तासाला पाचदा गाळायला १७० घनमीटर क्षमता लागते. त्याच खोलीत कूलर चालू असेल तर मात्र ते पैसे पाण्यात.

एक अगदी वेगळी, पण दर उन्हाळ्यात जीव घेणारी गोष्ट. कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढा. नुसतं बटण बंद केलेलं चालत नाही. पत्र्याच्या कूलरला अर्थिंग हवंच. टाकी आठवड्याला रिकामी करून घासा, नाहीतर डेंग्यूचे डास तिथंच वाढतात. मग तुम्ही बंद खोलीत मच्छर अगरबत्ती लावता आणि बाहेरचा धूर परवडला अशी वेळ येते.

पाण्याबद्दल. आपल्या कोरड्या हवेत घाम आल्याबरोबर उडून जातो. अंग कोरडं दिसतं म्हणून ‘मला घामच येत नाही’ असं वाटतं, आणि लिटरभर पाणी गेलेलं असतं. उन्हात काम करणाऱ्यानं दर वीस मिनिटांनी एक पेला, साधारण पाव लिटर प्यावं. तासाला दीड लिटरच्या वर मात्र नको, रक्तातलं मीठ धोकादायक पातळीवर उतरतं. नुसत्या पाण्यानं मीठ भरून येत नाही. ताक, कैरीचं पन्हं, आंबील यांत चिमूटभर मीठ घालून घ्या. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटरमध्ये, एकदम. अर्धं पाकीट पेल्यात टाकलं की प्रमाण बिघडतं. घरी करायचं तर एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ; चमचा चहाचा, आणि २४ तासांनी उरलेलं फेकायचं. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी मीठ-पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारावं. लघवी वाढवणाऱ्या आणि काही मानसिक आजारांवरच्या गोळ्यांनीही शरीराची उष्णता सोसण्याची ताकद कमी होते. गोळी आपल्या मनानं बंद करू नका, उन्हाळ्याच्या तोंडावर विचारून घ्या.

ठेकेदार मंडळी बसली आहेत म्हणून सांगतो. नव्या मजुराला पहिल्या दिवशी पाचव्या हिश्शाइतकंच काम उन्हात द्या आणि रोज तेवढंच वाढवत न्या. शरीर सरावायला एक ते दोन आठवडे लागतात. आठवडाभर लग्नाला गावी जाऊन आलेला जुना गडीही जवळपास नवाच समजायचा.

मास्क आणि दुपट्टा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. डोक्याला बांधलेला दुपट्टा ऊन अडवतो, धूर नाही; ओला केला तरी नाही. धुरासाठी एन-९५ किंवा आयएस ९४७३ हे भारतीय मानक छापलेला एफएफपी२ मास्क, नाकावरची पट्टी दाबून, कडेनं हवा न सुटता. दाढीवर तो नीट बसत नाही. गरगरायला लागलं तर आधी मास्क काढा आणि सावली गाठा.

खिशातला कांदा? राहू द्या, त्रास काही नाही. पण माणूस कोसळल्यावर तळव्यांना कांदा चोळण्यात दहा मिनिटं गेली तर ती जीवावर बेततात. उन्हात राबलेला माणूस असंबद्ध बोलतो, तोल जातो, ओळखत नाही, अंग भाजतं: हा उष्माघात. घाम असला तरीही उष्माघातच. १०८ला फोन एकानं करावा, दुसऱ्यानं त्याच क्षणी सावलीत नेऊन कपडे सैल करावेत आणि डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओतत राहावं, पंख्यानं नाहीतर पुठ्ठ्यानं वारा घालावा. बर्फ असेल तर फडक्यात गुंडाळून मान, काखा आणि जांघांत. शुद्ध पूर्ण नसेल तर तोंडात थेंबही नको, श्वासनळीत जातो. पॅरासिटामॉल देऊ नका; हा ताप जंतूंचा नाही, गोळी इथं काम करत नाही आणि यकृतावर ओझं टाकते. गाडी येईपर्यंत पाणी थांबवायचं नाही, गाडीतही ओलं फडकं अंगावर राहू द्या. आणि माणूस उठून बसला, ‘बरं वाटतंय’ म्हणाला, तरी दवाखान्यात न्यायचंच. मूत्रपिंड आणि यकृताची इजा एक-दोन दिवसांनी वर येते, आणि पुष्कळदा तिची पहिली खूण म्हणजे कोऱ्या चहासारखी काळपट लघवी.