पश्चिमेची भिंत

(दृश्य : बेडरूम, दुपारी चार. हातातलं तापमापक.)

कांदिवलीतली ही बेडरूम. तापमापकाचा लाल ठिपका आधी मधल्या भिंतीवर, मग पश्चिमेच्या भिंतीवर. आकडे पडद्यावर दिसतायत. पंखा पाचावर, खिडकीला जाड पडदा, तरी बाहेरची भिंत तापलेलीच. ऊन उतरलं म्हणून ती लगेच निवत नाही. दुपारी पोटात घेतलेली उष्णता ती नेमकी झोपायच्या वेळी खोलीत सोडत बसते.

ही भिंत विटांची नाही. जेमतेम सहा इंचांचं, सळ्या घातलेलं काँक्रीट आहे.

(दृश्य : टॉवरची साइट, पॅनल चढवणारे कामगार.)

मुंबईतले कितीतरी नवे टॉवर आता असेच चढतात. साइटवर याला मायवान म्हणतात. ॲल्युमिनियमचे पॅनल पिना ठोकून जोडायचे, आत सळ्या आणि वायरिंगचे पाइप सोडायचे, आणि भिंती-स्लॅब सगळं एका दमात ओतायचं. आठवड्या-दहा दिवसांत मजला तयार. विटांचे थर नकोत, प्लास्टर नको, आणि भिंत पातळ म्हणून कार्पेट एरिया जास्त. उंच इमारतीला वारा आणि भूकंप झेलायला अशा भिंती लागतातच. काँक्रीटच्या भिंतींचं मुंबईला तसं अप्रूपही नाही. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकातल्या, त्याही काँक्रीटच्याच. तेव्हा बिल्डरचं गणित चोख आहे. त्यात दुपारचं ऊन तेवढं धरलेलं नाही.

भिंत किती उष्णता आत सोडते, ते यू-व्हॅल्यू सांगते. आकडा कमी, तेवढी भिंत चांगली. सहा इंची काँक्रीट : ३.५च्या वर. दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेली नऊ इंची विटांची भिंत : २च्या आसपास. आणि आठ इंची एएसी ब्लॉक, म्हणजे आत बारीक छिद्रं असलेल्या हलक्या काँक्रीटचा, ज्याला मिस्त्री लोक सर्रास सिपोरेक्स म्हणतात : ०.८च्या आसपास.

(दृश्य : ब्लॉकचा कारखाना.)

हा ब्लॉक बनतो कसा, ते बघण्यासारखं आहे. औष्णिक वीज केंद्रातली राख, चुना, सिमेंट, थोडं जिप्सम आणि पाणी यांचा हा पातळ रबडा. शेवटी पडते ती ॲल्युमिनियमची पावडर, अगदी थोडी. चुन्याशी तिची गाठ पडली की हायड्रोजन सुटतो आणि साच्यातला लगदा ढोकळ्यासारखा फुगायला लागतो. इथे कॅमेरा आम्ही मुद्दाम हलवला नाही. हायड्रोजन उडून जातो, त्याच्या जागी हवा भरते आणि बारीक छिद्रं तशीच राहतात. लगदा धरला, पण अजून मऊ आहे, तोवर ताणलेल्या तारांनी तो कापतात. बघा, कड किती सरळ येते. मग ही रांगच्या रांग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे कुकरसारख्या बंद टाकीत. १९० अंशांच्या आसपासची दाबाखालची वाफ, दहा-बारा तास. बाहेर येतो तो पक्का ब्लॉक. त्याचा तुकडा टबात टाकला, तर तरंगतो. आठ-दहा विटांची जागा एक ब्लॉक घेतो आणि वजन विटांच्या निम्म्याहून कमी, म्हणजे इमारतीच्या सांगाड्यावरचा भारही कमी.

उष्णता अडते ती त्या छिद्रांतल्या हवेमुळे. देशावरच्या वाड्यांना जाड दगडी भिंती मानवतात, कारण तिथे रात्र थंड होते आणि भिंतही निवते. मुंबईत मे महिन्यात रात्रीसुद्धा पारा २६-२७ अंशांच्या आसपास अडून बसतो. इथे उष्णता साठवणारी भिंत काय कामाची? ती बाहेरच अडवणारी हवी.

(दृश्य : चौदावा मजला, काँक्रीटच्या सांगाड्यात ब्लॉकचं काम.)

मिस्त्रींच्या हाताकडे बघा. विटा जशा भिजवतात तसा हा ब्लॉक भिजवायचा नाही, नुसता पाण्याचा हबका. सांधा तीनेक मिलिमीटरचा, दात असलेल्या करणीने ओढलेला. दर दोन थरांनी ओळंबा. ब्लॉक आणि कॉलम भेटतात तिथे ते चिकन जाळी मारतायत, कारण प्लास्टरला पहिली भेग तिथेच जाते. हा ब्लॉक पाणी पितो, म्हणून पावसाच्या माऱ्याच्या बाजूला बाहेरून दोन हातांचं प्लास्टर. घाईत हेच राहतं, आणि मग लोक म्हणतात सिपोरेक्स गळतं.

(दृश्य : मरीन ड्राइव्ह, आर्ट डेको इमारतींचे छज्जे.)

भिंत उत्तम घेतली आणि तिच्यात जमिनीपासून छतापर्यंत उघडी काच बसवली, की मुसळ केरात. या जुन्या इमारतींचे खिडक्यांवरून सलग धावणारे छज्जे बघा. शोभाही झाली, सावलीही. नव्या टॉवरांच्या नकाशातून आधी छज्जाच का गळतो, देव जाणे.

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने डिसेंबर २०१८मध्ये घरांसाठी इको निवास संहिता आणली. छप्पर सोडून घराच्या बाहेरच्या अंगातून आत येणारी उष्णता मुंबईसारख्या उष्ण-दमट हवेत सरासरी दर चौरस मीटरला १५ वॅटच्या आत हवी, असं ती सांगते. हिशोबात भिंत, काच आणि सावली तिन्ही येतात. फ्लॅट बुक करताना हा आकडा मागा. सेल्स ऑफिसात टाइल्सची कंपनी पाठ असते. पश्चिमेची भिंत कशाची, हे विचारलं की मात्र आतल्या माणसाला बोलावतात.

ब्लॉक आले तसं वीटभट्ट्यांवरच्या कुटुंबांचं कामही घटतं. ते चित्रण या फिल्ममध्ये नाही.

(दृश्य : पुन्हा टॉवर, बाहेरून. झुल्यावरचे रंगारी.)

भिंत काँक्रीटची असून ताबाही मिळाला असेल, तर आतून इन्सुलेशन लावून जिप्सम बोर्ड मारता येतो. खोली दोन-तीन इंचांनी आखडते. बाहेरून खिडकीवर सावली करायची, तर सोसायटीची परवानगी काढावी लागते. यंदा इमारतीचा रंग निघणार असेल, तर पश्चिमेला गडद शेड नको, फिकट द्या, एवढं मीटिंगमध्ये सांगून ठेवा. गडद रंग ऊन जास्त शोषतो, आणि झुला एकदा उतरला की पुन्हा चढायला काही वर्षं जातात.