हरलेल्या गेममधले पॉइंट

(पुण्यातल्या एका स्क्वॉश क्लब-लीगच्या कॅप्टनांसमोर प्ले-ऑफच्या आठवड्यात केलेलं भाषण, थोडी काटछाट करून)

मला खरं तर बोलावलंय ते स्कोअरशीट कशी भरायची हे सांगायला. सेक्रेटरी म्हणाले, दहा मिनिटं बोला, मग चहा आहे. दहा मिनिटांत काही होणार नाही, हे त्यांनाही माहीत आहे. प्ले-ऑफच्या रात्री जेवढी भांडणं होतात, त्यातली निम्मी कोर्टावर होतच नाहीत. ती वर गॅलरीत, त्या एका कागदावर होतात. आणि कागद भरणारा बहुतेक वेळा नुकताच हरून आलेला, घामाने निथळणारा माणूस असतो. पेनसुद्धा दुसऱ्याचं असतं.

नव्या कॅप्टनांसाठी आधी थोडक्यात. साखळीत आपण सगळे सगळ्यांशी खेळतो आणि जिंकलेल्या प्रत्येक गेमला गुण मिळतो. त्यामुळे एखादी टाय, म्हणजे दोन संघांमधली पूर्ण लढत, हरलात तरी हाताला काहीतरी लागतं. पहिले चार संघ प्ले-ऑफला जातात. तिथे हा दिलासा नाही. हरलात की बॅग भरायची. संघात चार जण, ताकदीच्या क्रमाने. आपला एक नंबर त्यांच्या एक नंबरशी, चार नंबर चार नंबरशी. प्रत्येक मॅच पाच गेमची, तीन घेतले की जिंकली. गेम अकराचा, १०-१० झालं तर दोनच्या फरकाने. टाय २-२ झाली तर गेम मोजायचे. गेमही सारखे झाले तर पॉइंट.

चारच का, पाच का नाहीत, हा प्रश्न दरवर्षी येतो. पाच असतील तर निकाल आपोआप लागतो, बरोबर. पण आपल्याकडे कोर्टं दोन आहेत, लोक ऑफिसातून सातला येतात आणि नऊनंतर वॉचमन दिवे बंद करायला लागतो. शिवाय गुडघा शाबूत असलेला आणि गुरुवारी मोकळा असलेला पाचवा माणूस आणायचा कुठून? तेव्हा चार. मला तर हा नियम आवडतो. का, ते सांगतो.

मोठ्या स्पर्धांत एका टायमध्ये संघातले तिघे खेळतात. २०२३ मध्ये हांगझोच्या एशियन गेम्समध्ये आपल्या पुरुषांनी पाकिस्तानला फायनलमध्ये २-१ हरवलं, ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मोबाइलवर पाहिलं असेल. आपला मुंबईचा महेश माणगावकर पहिली मॅच हरला. सौरव घोषालने बरोबरी केली. मग अभय सिंगने पाचव्या गेममध्ये दोन मॅच पॉइंट वाचवून १२-१० असा सामना काढला. अंगावर काटा येईल असं स्क्वॉश. पण हिशेब म्हणून पाहिलं तर साधं आहे: तीनपैकी दोन. पहिली मॅच हरणाऱ्याने किती गेम काढले, किती पॉइंट काढले, याच्याशी पदकाचा काही संबंध नव्हता. लॉस एंजेलिसला २०२८ मध्ये तर संघच नाहीत, फक्त एकेरी. (स्क्वॉशला ऑलिंपिकमध्ये घ्यायचा ठराव ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या अधिवेशनात झाला, क्रिकेटबरोबरच. पेपरात दुसऱ्या दिवशी क्रिकेटच होतं. असो.)

आपल्या चौघांच्या टायमध्ये मात्र हरणाऱ्यालाही काम असतं. काही वर्षांपूर्वीची सेमीफायनल सांगतो. समोरच्या क्लबचं नाव घेत नाही, त्यांचे दोघे इथे बसलेत.

मी तेव्हा चार नंबरला होतो. पन्नाशी ओलांडलेली, उजवा खांदा पावसाचा अंदाज सांगणारा. पहिली मॅच माझी. पहिले दोन गेम घेतले, ११-७, ११-९. गॅलरीत कोणीतरी माझ्यासाठी लिंबूपाणीही मागवलं. मग समोरच्या पोराला कळलं की काकांना मागच्या कोपऱ्यात पाठवलं की काका तिथेच राहतात. तिसरा ६-११. चौथा ५-११. पाचव्यात मी ४-१० मागे. अशा वेळी माणूस काय करतो? एक आडवातिडवा फटका मारतो, टिन (समोरच्या भिंतीखालचा पत्रा, तिथे बॉल लागला की पॉइंट गेला) वाजतं, हात मिळवतो. मीही तेच करणार होतो. पण त्या पोराने घाईत दोन बॉल टिनमध्ये घातले, एक माझा ड्रॉप, म्हणजे हलका फटका, निकमध्ये, भिंत आणि जमीन मिळतात तिथे, बसला, कसा ते मला विचारू नका, आणि करता करता ९-१० झालं. पुढचा पॉइंट त्याने घेतला. ९-११. हरलो. दोन गेम पुढे असून हरलो. लिंबूपाणी आलं तेव्हा घशाखाली उतरेना.

आमचा तीन नंबर ११-२, ११-४, ११-३ असा जिंकला. त्या मॅचबद्दल सांगण्यासारखं काही नाही, समोरचा आजारी होता आणि तरी उभा राहिला. दोन नंबरची मॅच लांबली: ११-९, ४-११, ११-८, ५-११ आणि शेवटचा १२-१०. आता आम्ही २-१ पुढे होतो, आणि शेवटी एक नंबर. त्यांचा एक नंबर म्हणजे राज्य पातळीवर खेळलेला मुलगा. आमच्या एक नंबरने पहिला ९-११ घालवला, दुसरा ८-११. चेहऱ्यावरून कळत होतं की तिसराही जाणार.

तेव्हा शीट माझ्या मांडीवर होती. गेम मोजले. तिसराही गेला तर ८-८. म्हणजे पॉइंट. मी शाळेनंतर एवढी भराभर बेरीज कधी केली नव्हती. आमचे १३५, त्यांचे १२९. सहाची आघाडी. तिसऱ्या गेममध्ये त्यांना अकरा मिळाले आणि आम्हाला सहा, तरी १४१-१४०. आम्हाला पाचच मिळाले तर बरोबरी, आणि बरोबरीचं काय करायचं याबद्दल नियमावलीत एक ओळसुद्धा नव्हती. मी शेजारच्याला आकडा दाखवला. त्याने त्याच्या शेजारच्याला. दोन मिनिटांत आमची सगळी बाजू खाली बघून बोटं मोजायला लागली, पण बोलायचं कोणी नाही, कारण गेम चालू असताना वरून सांगायचं नाही.

५-१०. मॅच बॉल. रॅली लांबली, खूप लांबली. आमच्या पठ्ठ्याने एक उंच लॉब टाकला, तो बाजूच्या भिंतीला जेमतेम घासून मागे पडला आणि त्या मुलाला उचलता आला नाही. ६-१०. आणि गॅलरी उसळली! टाळ्या, शिट्ट्या. आमचा एक नंबर वर बघायला लागला. ०-२ ने मागे, ६-१० ने मागे, आणि ही माणसं नाचतायत कशाला? पुढचा पॉइंट त्याने घालवला आणि मान खाली घालून बाहेर आला. त्याला फायनलला पोचलोय हे सांगायला आम्हाला पाच मिनिटं लागली. त्याने शीट मागून घेतली आणि स्वतः बेरीज केली. इंजिनिअर माणूस.

आता माझे ते शेवटचे पाच पॉइंट बघा. ४-१० वर मी रॅकेट टाकली असती तर आमचे १३६ झाले असते आणि त्यांचे तेच १४०. तरुण कॅप्टनांना हेच सांगायचंय की चार नंबरला 'जा, मजा कर' म्हणून कोर्टावर पाठवू नका. त्याला सांगा की हरलास तरी मोजलं जाणार आहे.

जुन्या मोजणीत हे जमलंच नसतं. माझ्या पिढीला आठवत असेल, गेम नऊचा असायचा आणि पॉइंट फक्त सर्व्हिस करणाऱ्यालाच. दुसऱ्याच्या सर्व्हिसवर रॅली जिंकली तर फक्त सर्व्हिस मिळायची. गेमभर घाम गाळून शीटवर ९-० लागायचं. तो शून्य बघून घरचे विचारायचे, खेळलास की नुसता उभा होतास? व्यावसायिक पुरुषांनी २००४ पासून अकराची, प्रत्येक रॅलीला पॉइंट देणारी मोजणी घेतली आणि जागतिक महासंघाने २००९ मध्ये ती सगळ्यांसाठी केली. जुने लोक अजून कुरकुरतात की दमाचा खेळ गेला. त्यांचं थोडं खरं आहे. पण हरलेल्या माणसाने काय केलं ते नव्या मोजणीत कागदावर राहतं.

म्हणूनच मार्करला जपा. आपल्या क्लबांत मार्कर म्हणजे स्कोअर पुकारणारा एवढंच नाही. मेंबरांशी खेळणारा, शिकवणारा, रॅकेटच्या तारा (गट) बदलून देणारा तो मार्कर. पेशावरला ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये असंच काम करणारे हाशिम खान १९४४ मध्ये मुंबईत अखिल भारतीय स्पर्धा जिंकून गेले आणि १९५१ मध्ये ब्रिटिश ओपन. साखळीत आपण हरलेल्यालाच मार्किंगला बसवतो. प्ले-ऑफला कृपा करून तसं करू नका, तिसऱ्या क्लबचा माणूस आणा. एका पॉइंटने टाय जाते तेव्हा लेट (रॅली पुन्हा) द्यायचा की स्ट्रोक (थेट पॉइंट), हा प्रश्न आपल्याच माणसाच्या घशात अडकतो. मी स्वतः अडकलेलो आहे.

आणि यादी खरी द्या. दोन नंबरचा माणूस तापाचं निमित्त करून चारवर उतरवायचा, हे सगळ्यांना कळतं. साखळीत तो कुठे खेळला ते माझ्याकडे लिहिलेलं आहे.

त्या वर्षीची फायनल? ती आम्ही ०-४ हरलो. मोजायला काही उरलंच नाही. चला, आता शीट काढा. डावीकडे नावं, मग गेम, आणि उजवीकडचा हा जो रकाना तुम्ही सगळे रिकामा सोडता, तो पॉइंटांचा.